एमएक्स-५ च्या टायरची हवा: दर दोन-तीन महिन्यांनी परतणारं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीशी ताडून पाहता येईल.

माझी गाडी माझदा एमएक्स-५, दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स कार, २००१ सालची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली (तिला एनबी म्हणतात). टायरचं माप १९५/५० आर १५. राहतो इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. हे गाव ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, इथे रस्ता संपला की गोल चौक आणि चौक संपला की पुढचा चौक. अशा गावात मागच्या चाकांवर चालणारी, जेमतेम टनभर वजनाची, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी म्हणजे रोजची चैन. पण वर्षातून तीन-चार वेळा ती अचानक अनोळखी व्हायची. ओल्या चौकात मागचा भाग अपेक्षेच्या आधीच सुटायचा. डांबरावरच्या ठिगळांवरून जाताना गाडी टप्पा खाल्लेल्या चेंडूसारखी उडायची. स्टिअरिंग हलकं लागायचं, पण खाली काय चाललंय ते हाताला कळायचं नाही. मग काही आठवडे सगळं छान. आणि थंडी पडली की उलटा प्रकार: वळणात शिरताना गाडी आधी कंटाळा करणार, मग वळणार.

मी शॉक अॅब्सॉर्बरवर संशय घेतला. सस्पेन्शनच्या रबरी बुशवर घेतला. चाकांची अलाइनमेंट दोनदा करून घेतली. दुसऱ्या वेळचं बिल भरल्यावर एका रविवारी सकाळी चपला सरकवून खाली गेलो आणि हवा मोजली. चारही टायरमध्ये ३३-३४ पीएसआय, म्हणजे आपल्या भाषेत ‘पॉइंट’. ड्रायव्हरच्या दारापाशी, खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर स्पष्ट लिहिलंय: २६.

हवा कोणी भरली? तीन आठवड्यांपूर्वी ज्या दुकानात टायर बदलले होते त्यांनी. त्यात दुष्टपणा काही नाही. दिवसभरात त्यांच्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच गाड्या घरगुती हॅचबॅक, त्यांना ३२-३३ चालतं, म्हणून सगळ्यांनाच ३३. आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा पोरगा न विचारता ‘पस्तीस पॉइंट’ करतो, तसंच.

२६ हा आकडा बघून बिचकू नका

मोटारींच्या जगात २६ म्हणजे पंक्चर झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं, म्हणून थोडा हिशोब केला. या मापाच्या टायरवर बहुधा ८२ व्ही असं छापलेलं असतं. व्ही हे वेगाच्या मर्यादेचं अक्षर. ८२ हा भारांक, म्हणजे एक टायर ४७५ किलो पेलतो. साध्या, जादा भाराच्या नसलेल्या टायरला हे पूर्ण वजन पेलायला २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआय हवा लागते. माझी गाडी दोन माणसं धरून बाराशे किलोच्या आसपास, आणि वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मंनिम्मं. एका टायरवर आले तीनशे किलो. क्षमतेच्या दोन तृतीयांशही नाही. मग ३३-३४ भरून टायर उगाच टणक होतो, त्याचा मधला पट्टा फुगतो, रस्त्याला कडा नीट टेकत नाहीत आणि सगळा भार मधोमध येतो. ओल्या चौकात गाडी का घसरत होती, ते इथे कळलं.

पुरावाही टायरवरच होता. नक्षीची खोली मोजायची छोटी पट्टी चार-पाच पौंडांत मिळते. जुन्या टायरवर मधोमध ४ मिलिमीटर, दोन्ही कडांना साडेपाच. तो टायर वर्षभर फुगलेलाच फिरला होता.

झीज वाचताना एक घोळ टाळा. मध जास्त झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा जास्त झिजल्या तर हवा कमी. पण फक्त आतली कड झिजली असेल तर तो हवेचा दोष नाही, चाकं वरून आत कललेली (कॅम्बर) किंवा सरळ पुढे न बघता किंचित आत-बाहेर वळलेली (टो) असल्याचा परिणाम आहे. स्पोर्ट्स कारमध्ये चाकं मुद्दाम थोडी आत कललेली ठेवतात, त्यामुळे आतली कड थोडी आधी जाणं चालायचंच. ते पाहून हवा वाढवत बसलात तर एक दुखणं जाऊन दोन मागे लागतील.

आणखी एक आकडा लोकांना फसवतो: टायरच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला कमाल दाब, ४४ किंवा ५१. ती टायरची शेवटची हद्द आहे. तुमच्या गाडीचा आकडा तो नव्हे. टायर बनवणाऱ्याला तो कोणत्या गाडीवर बसणार हे माहीतच नसतं.

पुढे-मागे सारखी हवा हा सुद्धा नियम नाही. माझ्या गाडीत सारखी, कारण वजन सारखं वाटलेलं. इथल्या मराठी मंडळात एक मित्र आहे, त्याच्याकडे २००० सालची पोर्शे ९११, ज्या पिढीला ९९६ म्हणतात ती. तिचं इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे लटकलेलं, साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. तिला पुढे ३६ आणि मागे ४४ लागते. टायर बदलून आणल्यावर तो महिनाभर कुरकुरत होता, ‘मागून लडबडतेय रे, काहीतरी वाकलंय.’ वाकलं काही नव्हतं. चारही टायरमध्ये ३६ होती. मागच्या दोन टायरांना आठ पॉइंट कमी, आणि तेही वजनदार बाजूला. बिचाऱ्याने मागच्या सस्पेन्शनच्या पार्टची किंमतही विचारून ठेवली होती.

एकदा भरली तरी परत का बिघडते

खरं दुखणं हे. २६ भरून मी खूश झालो आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा बिघडली, या वेळी आळशी बाजूला.

पहिलं कारण हवामान. गेज जो दाब दाखवतं तो बाहेरच्या वातावरणाच्या वरचा. आतला खरा दाब म्हणजे त्यात साधारण १४.७ मिळवायचे. म्हणजे २६ वाचलं तर आत ४०.७, आणि तो तापमानाच्या प्रमाणात चढतो-उतरतो. सप्टेंबरच्या दुपारी २२ अंशांना मी २६ भरली. जानेवारीत पहाटे उणे ३ अंश. एक अणूही बाहेर न जाता गेजवर साडेबावीस दिसणार. त्यात टायरमधून महिन्याला एखादा पॉइंट आपोआप झिरपतोच. तीन महिने हात लावला नाही की विसाच्या खाली. एवढ्या हवेत गाडी आळशी नाही झाली तर नवल.

ढोबळ हिशोब: दहा अंश सेल्सियसला साधारण दीड पॉइंट. ज्यांच्या गाडीत ३५-४० पीएसआय लागते त्यांना थोडा जास्त.

दुसरं कारण, मोजायची वेळ. पट्टीवरचा आकडा गार टायरचा असतो. गार म्हणजे तीन-चार तास उभी असलेली गाडी, आणि शक्यतो ऊन लागण्याआधी. दारात गाडी अशी लावलेली असते की डावी बाजू सकाळी उन्हात. तिथले दोन टायर एक-दोन पॉइंट जास्त दाखवायचे आणि मी ‘जास्त झालीय’ म्हणून त्यांतली हवा सोडायचो. म्हणजे डावीकडे कमी, उजवीकडे बरोबर. मध्यंतरी गाडी एका बाजूला ओढायची, तेही याच प्रकारामुळे असावं, असं मला आता वाटतं.

तिसरं, गेज. माझ्याकडे एक डिजिटल, एक घड्याळासारखं डायल, आणि पंपावरचं मशीन. एकाच टायरवर एकाच सकाळी तिघांनी सांगितलं: २८.५, २६, २५. पंपावरचं मशीन दिवसाला शंभर जण आपटतात, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण तीन गेजांच्या नादाला लागलात की आकड्याला काही अर्थच उरत नाही. मी डायलवालं ठेवलं, ० ते ६० चं. या प्रकारचं गेज मापाच्या मधल्या भागात जास्त भरवशाचं असतं, आणि आपला २६ ते ३६ चा पट्टा बरोबर तिथे येतो. ० ते १६० वाला ट्रकचा गेज घेऊ नका, दोन पॉइंटचा फरक त्यावर काट्याच्या जाडीएवढा.

आता ज्या युक्तीने माझं निम्मं काम सुटलं ती. पेट्रोल पंप घरापासून चार किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत टायर तापतो आणि दोन पॉइंट चढतात. मग गार आकडा भरायचा कसा? घरी, गार असताना, स्वतःच्या गेजने मोजायचं आणि प्रत्येक टायरला किती कमी आहे तेवढंच कागदावर लिहायचं. समजा डाव्या पुढच्यात २३, म्हणजे तीन हवेत. पंपावर मशीन काहीही दाखवू दे, २५ दाखवो की २७, त्याच्यात तीन मिळवायचे. मशीन खोटं बोलत असलं तरी सगळीकडे सारखंच खोटं बोलतं, आणि आपल्याला फक्त फरक हवा आहे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा ताडून पाहायचं.

हल्ली बारा व्होल्टवर चालणारा, हवा भरायचा छोटा पंप घेतलाय. गोंगाट करतो, शेजारी बघतात, पण पेट्रोल पंपावर जायचं काम वाचलं.

चौथं कारण एकाच टायरचं होतं. चारही सारखे उतरत असतील तर हवामान आणि वेळ. एकच जास्त उतरत असेल तर गळती. माझा मागचा डावा महिन्याला चार-पाच पॉइंट सोडायचा. खिळा नाही, काच नाही. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने फिरवलं. व्हॉल्व्हवर काही नाही. रिमची कड आणि टायर जिथे भेटतात तिथे बारीक फेस, दाढीच्या साबणासारखा. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. वीस-बावीस वर्षं ते खाऊन अॅल्युमिनियमच्या रिमला कडेने पांढरी पूड धरली होती आणि टायर तिथे नीट बसतच नव्हता. नवा टायर घालताना ती कड कोणी घासली नाही. दुसऱ्या दुकानात टायर उतरवून रिम घासून घेतली, कडेला सीलर लावला, व्हॉल्व्हही नवा घातला. गळती बंद. टायर बदलताना ‘रिमची कड साफ करून द्या’ एवढं एक वाक्य बोलायला शिका.

पुण्याहून दर उन्हाळ्यात येणारा फोन

माझा मावसभाऊ पुण्यात. त्याच्याकडे बीएमडब्ल्यू झेड४, रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या) टायरवाली. मार्च संपला की त्याचा फोन ठरलेला. ‘दादा, ऊन वाढलंय, चार पॉइंट कमी ठेवू ना? फुटायला नको.’

नाही. आणि हे जरा नीट सांगावं लागतं, कारण हा समज आपल्याकडे फार खोल गेलाय. टायर फुटतो तो बहुतेकदा जास्त हवेने नाही, तापल्यामुळे. आणि टायर तापतो कमी हवेने. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला बाजूची भिंत दाबली जाते आणि सुटते, मिनिटाला शेकडो वेळा. तारेचा तुकडा इकडे-तिकडे वाकवला की गरम होतो, तसं. समृद्धी महामार्गासारखा लांब, सरळ, काँक्रीटचा रस्ता, १२० चा वेग, दुपारचं ऊन, आणि वर चार पॉइंट कमी हवा. फुटू नये म्हणून हवा कमी केली, आणि फुटायची सगळी तयारी त्यातूनच झाली.

चालवताना दाब वाढणार हे कंपनीने धरलेलंच असतं. गार आकडा त्यासाठीच दिलाय. गोंधळ होतो तो ‘गार’ या शब्दाचा. समजा पट्टीवर ३२ आहे. मे महिन्यात पहाटे २४ अंशांना ३२ भरली. दुपारी ४० अंशांत, गाडी जागची न हलता, गेज साडेचौतीस दाखवणार. हे बघून भाऊ दुपारी दोन-अडीच पॉइंट सोडतो. दुसऱ्या पहाटे मोजलं तर साडेएकोणतीस. आणि त्याच हवेत तो एक्सप्रेसवेला लागतो. म्हणून पुण्यात मोजायचं तर दूधवाला येतो त्या वेळी. दुपारी दिसलेल्या आकड्यावरून काही सोडायचं नाही.

रन-फ्लॅटवाल्यांनी तर डोळ्यांवर अजिबात विसंबू नये. त्या टायरची भिंत इतकी जाड असते की हवा पार उतरली तरी टायर रुबाबात उभा दिसतो.

डॅशबोर्डवरच्या दिव्याचंही तेच. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत टायरच्या हवेचा इशारा सक्तीचा आहे, अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेतला नियम सांगतो, हवा ठरलेल्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेली की दिवा लागलाच पाहिजे. ३२ चे २५ टक्के म्हणजे आठ पॉइंट! तोवर गाडी बिघडून महिना झालेला असतो. काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतो, चाकं एकमेकांच्या तुलनेत किती वेगाने फिरतात त्यावरून अंदाज असतो. चारही टायर सारखे उतरले तर त्याला कळेलच असं नाही, आणि हवा भरून रिसेट केलं नाही तर तो चुकीच्याच आकड्याला बरोबर समजून बसतो. माझ्या २००१ च्या गाडीत दिवाच नाही, तेच बरं.

नायट्रोजनबद्दल एवढंच: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. दुकानातला नायट्रोजन कोरडा असल्याने त्याचा दाब थोडा कमी हेलकावे खातो, पण ज्याने वर्षभर मोजलंच नाही त्याच्या टायरला नायट्रोजनही वाचवत नाही.

पट्टीच्या आकड्यावरून पुढे कसं जायचं

पट्टीवरचा आकडा ही सुरुवात. गाडीत वेगळ्या मापाची चाकं घातली असतील तर तोही तसाच्या तसा लागू होत नाही, तेव्हा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यातून काढावा. पण मूळ माप असेल तर चार-पाच दिवस त्याच आकड्यावर चालवा, मगच हात घाला.

एका वेळी एक पॉइंट. एका वेळी एकच जोडी, पुढची किंवा मागची. रस्ता तोच, शक्यतो वेळही तीच. पुढे एक वाढवला तर गाडी वळणात जरा चटकन शिरते. मागून लवकर सुटते असं वाटलं तर मागची हवा सोडण्याआधी तिथे खरंच किती आहे ते मोजा, माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा ती आधीच जास्त असते. रस्त्यावर पट्टीच्या खाली मी जात नाही. आज माझ्याकडे पुढे २७, मागे २६. हे माझ्या टायरचं, माझ्या पाठीचं आणि मिल्टन कीन्सच्या चौकांचं उत्तर आहे, तुमचं वेगळं येईल.

कडेपर्यंत टायर टेकतो का ते पाहायला खडू. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, आडव्या रेघा काढायच्या, दहा मिनिटं नेहमीसारखी चालवायची आणि पाहायचं खडू कुठवर पुसलाय. बऱ्याच टायरच्या कडेला बारीक त्रिकोण असतो, साधारण तिथवर पुसला गेला तर ठीक. भिंतीवरचाही पुसला गेला तर हवा कमी. नक्षीच्या कडेवरचाच शिल्लक राहिला तर जास्त. हे कोरड्या दिवशी करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चौथ्या चौकाला पाऊस आला आणि सगळे खडू सारखेच पुसले गेले.

ट्रॅकवर मात्र हिशोब उलटा. तिथे गरम आकडा महत्त्वाचा. नॉरफकमधल्या स्नेटर्टनच्या रेस ट्रॅकवर पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी २६ वर निघालो आणि वीस मिनिटांनी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आलो तर ३५. टायर तव्यासारखे आणि गाडी साबणावर. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर थेट पिटमध्ये मोजतो आणि चारही ३० वर आणतो. एका बाजूला जास्त वळणं असलेल्या ट्रॅकवर बाहेरचे टायर जास्त तापतात, तेव्हा प्रत्येक टायर वेगळा सोडावा लागतो. हे झालं की संध्याकाळी, टायर गार झाल्यावर, त्यांच्यात २२-२३ च उरते. ती पुन्हा भरल्याशिवाय घरचा रस्ता धरू नका. दमलेला माणूस, अंधार, मोटरवे आणि चार पॉइंट कमी हवा, हे मी एकदा केलंय.

सध्याची माझी पद्धत: महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहाआधी, चार आकडे वहीत. तारीख, बाहेरचं तापमान, चार आकडे. सहा महिन्यांत वही बोलायला लागते, कुठला टायर गळतोय ते तीच सांगते. आणि गाडी कुठल्याही दुकानात दिली की स्टिअरिंगवर कागद चिकटवतो: चारही टायर, गार, २६, जास्त नको.

मागच्या खेपेला दुकानातल्या पोराने कागद वाचला, मान डोलावली आणि ३० भरली. म्हणाला, २६ त्याला फारच कमी वाटली. मी काही बोललो नाही. घरी आलो, गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी चहाआधी मागून चार, पुढून तीन पॉइंट सोडले.